पंखा दिसते, पोरगी दिसत नाही

शीला मुनेश्वरच्या टेपाखालून आजवर बाभुळगावातल्या निम्म्या बायका गेल्या असतील. एखादी नुसती रस्त्यानं चालत गेली तरी शीला मनातल्या मनात तिची छाती-कंबर सांगून मोकळी होते. कोण लग्नसराईत भरली आणि कोण उन्हाळ्यात उतरली, याचा पत्ता नवऱ्याच्या आधी हिला लागतो. पण ती बोलत नाही. टेलरबाई बोलायला लागली तर गावात राहायची सोय उरायची नाही.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. मशीनशेजारच्या स्टुलावर एक जुना लॅपटॉप आहे आणि त्याच्या बटणांवर कायम निळा-पांढरा खडू लागलेला असतो. लॅपटॉप कशाला, असं नवीन गिऱ्हाईक विचारतंच. त्यावर शीला दातात धरलेली टाचणी काढून सांगते, "लग्नं जमवतो यावर." आणि मग गिऱ्हाईक ब्लाऊज विसरून स्वतःच्या भाच्याचं सांगायला लागतं.

त्याचं असं झालं. विहाराची वधू-वर परिचय समिती दरवर्षी पुस्तिका छापायची. कागद स्वस्तातला, शाई पसरलेली. त्यात मुलगा कोणता आणि मुलगी कोणती हे मिशीवरून ओळखायचं, आणि मिशी नसली तर खालचं नाव वाचायचं. शीलानं बैठकीत उभं राहून सांगितलं, आता पुस्तिका पुरे, वेबसाइट करू. समितीचे अध्यक्ष सदाशिवराव हे ठेंगणे, गोलमटोल आणि पुस्तिकेवर जीव असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "शीलाबाई, पुस्तिका हातात धरता येते. तुमची वेबसाइट कायच्यात धरसान?"

"फोनमध्ये, काका."

"आन् फोन कायच्यात धरसान?"

"हातातच नं!"

बैठक हसली आणि हसता हसता ठराव पास झाला. शीलाचा पुतण्या इंद्रजित पुण्याला कंपनीत आहे, त्यानं साइट बांधून दिली. चावी काकूच्या हाती दिली आणि फोनवर एवढंच बजावलं, "काकू, फोटो तेवढे लहान करून टाकजो."

आता शीला पडली टेलर. कापड कमी आलं की जोड लावावा लागतो, जोड दिसतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. म्हणून कापड नेहमी जास्तच मागायचं, हा तिचा जन्माचा शिरस्ता. लहान कशाला करायचा फोटो? लोकांनी मोबाइलमधून काढलेले चांगले भरघोस फोटो पाठवले होते. एकेकाचं वजन पाच-सहा एमबी. तिनं ते सगळेच्या सगळे जसेच्या तसे चढवले. तिच्या घरी नेट चांगलं, त्यामुळे पानं झरझर उघडली. काय एकेक चेहरे! डोळ्यांतलं काजळ दिसत होतं, शर्टावरची इस्त्रीची घडी दिसत होती. शीला खूश झाली.

त्या फोटोंत एक दीपाचा होता. दीपा थूल ही शीलाच्या थोरल्या बहिणीची लेक. बहीण गेली त्याला बरीच वर्षं झाली. दीपा यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्स आहे, रोज एसटीनं जाऊन येऊन करते, आणि सुई टोचायच्या आधी पेशंटला असा काही किस्सा सांगते की टोचल्यावरच त्याला कळतं. तिच्या डाव्या गालावर, कानाच्या दिशेनं गेलेला भाजल्याचा डाग आहे. रांगत होती तेव्हा चुलीपाशी घडलेली गोष्ट. दोनदा तिला बघायला पाव्हणे आले. ताट हातात घेऊन दीपा बाहेर आली, पाव्हण्यांची नजर गालावर गेली, आणि मग अचानक त्यांना शेवटची बस आठवली. दोन्ही वेळेला पातेलंभर पोहे उरले. दीपा रडली नाही. तिनं शेजाऱ्यांना पोहे वाटले आणि मावशीला सांगितलं, "आता मी फोटोतच सगळं दाखवीन. डाग दिसला पाह्यजे मावशी, साफ दिसला पाह्यजे. पाहून ज्याले यायचं थ्यानं यावं. पोह्याचा नास मी आता करून घेनार नाही."

ही दीपाची अट होती आणि शीलानं ती गळ्याची शपथ घेऊन मान्य केली होती.

फोटो काढला दीपाच्या वडिलांनी. उकंडाभाऊंचं विहिरीवरच्या मोटारी भरायचं दुकान आहे. जळलेली मोटार आली की जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, आणि मोटार पुन्हा पाणी ओढायला लागली की तिच्याकडे लेकराकडे पाहावं तसं पाहायचं. घरातला छताचा पंखाही त्यांनी स्वतः भरलेला. त्याला चॉकलेटी रंग दिलेला, पात्यांवर सोनेरी पट्टी ओढलेली. आता मुलीचा फोटो लग्नासाठी जाणार, तो घरोघरी पाहिला जाणार, मग त्यात पंखा का नको? भाऊ फरशीवर बसले, मोबाइल उभा धरला आणि खालून वर असा फोटो घेतला की वरच्या अर्ध्यात छत आणि पंखा, खालच्या अर्ध्यात दीपा.

साइट सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"जयभीम. शीलाबाई बोलता का?"

"जयभीम, जयभीम. बोला."

"मी इंदूबाई भगत. इकडं राळेगावकून बोलून राह्यली. माह्या पोराचं नाव अश्वजित, जनावराच्या दवाखान्यात हाय थो. तुमच्या साइटवर थे दीपा थूल हाय नं, थिचा फोटो उघडला म्या."

"अरे वा! मंग, कशी वाटली?"

पलीकडे जरा विचार झाला.

"पंखा चांगला हाय," इंदूबाई म्हणाल्या.

"अं?"

"पंखा. सोनेरी पट्ट्याचा. काल संध्याकाळपासून पंखाच दिसून राह्यला, बाई. आमच्या गावात नेट लय हळू. पान्याच्या टाकीखाली उभं राह्यलं तं एक दांडी येते. वरून फोटो सुरू होते, पंख्यापर्यंत येते आन् थांबते. सकाळी जरा पुढं सरकला तं केस दिसले. भांग सरळ पाडते पोरगी, थे आवडलं मले. पन त्याच्या खाली काय हाय?"

"खाली पोरगी हाय!"

"असंन. पन दिसत नाही."

फोन ठेवल्यावर शीला आधी हसली, मग गप्प झाली, मग पुन्हा हसली. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी तेच सांगितलं. कोणाला मुलाच्या जागी निळा पडदा दिसत होता. ढाणकीच्या एका आईला होणाऱ्या सुनेच्या जागी नुसतं आभाळ आणि तारेवरचा एक कावळा. तिनं मोठ्या आदरानं विचारलं, "कावळा शुभ मानायचा का, ताई?" सदाशिवरावांनी तर निरोपच धाडला की पुस्तिकेत असं कधी झालं नव्हतं. पुस्तिकेत मुलगी काळी छापली जायची, पण पुरी छापली जायची.

मग शीलाला पुतण्याचं बोलणं आठवलं. फोटो लहान करायचे. तिनं लॅपटॉपवर दीपाचा फोटो उघडला. रुंदीचा आकडा दिसला, उंचीचा दिसला. ब्लाऊज ढिलं झालं की बाजूनं दाबतात, उंची कशाला कमी करायची? तिनं रुंदी निम्मी केली, उंची तशीच ठेवली, आणि उत्साहाच्या भरात एकामागून एक सगळ्यांनाच बाजूनं दाबून टाकलं.

पुढचे दोन दिवस परिचय समितीच्या साइटवर मोठी रौनक होती. सगळी उपवर मंडळी सुरूच्या झाडासारखी झाली. कोणाची मान लांब, कोणाचं नाक लांब, एका पैलवान मुलाच्या मांड्या बासरीसारख्या. एका मुलीच्या आईनं काळजीनं विचारलं, पोराला कावीळ झालती का? तक्रार केली नाही ती फक्त सदाशिवरावांनी. अध्यक्ष म्हणून त्यांचा फोटो पहिल्या पानावर होता, आणि त्यात ते जन्मात पहिल्यांदा उंच आणि सडपातळ दिसत होते. त्यांचा फोन आला. आवाज मऊ होता. "शीलाबाई, बाकीच्याचं पाहा काय करायचं थे. माहा राहू द्या."

आणि इंदूबाई? इंदूबाई टाकीखालीच होत्या. "थोडा लवकर उघडते आता. पन अजून पंख्यावरच हाय. आन् पंखा काहून लांबट झाला, वो?"

शीलाचा नवरा धम्मरत्न एसटीत कंडक्टर आहे. गर्दी कशी बसवावी याचं त्याला चांगलं ज्ञान. त्यानं जेवता जेवता तोडगा सुचवला. "तू म्हनते फोटो जड हाय. मंग व्हॉट्सॲपवरून धाड नं! व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो हलकाच राह्यते. माह्या ग्रुपवर दिवसाले शंभर येतेत, फोनले काही होत नाही."

शीलाला पटलं. एकदा पाठवून हलका होत असेल तर चार-पाचदा पाठवून पिसासारखा होईल. पीठ दोनदा चाळलं की पोळी मऊ होते, तसं. तिनं दाबायच्या आधीचे सगळे फोटो तिच्या फोनवरून नवऱ्याच्या फोनवर धाडले. त्यानं उघडून त्याचा स्क्रीनशॉट काढला आणि उकंडाभाऊंना धाडला. भाऊंनी स्क्रीनशॉट काढून शेजारच्या बिजलीबाईंना, बिजलीबाईंनी पुन्हा शीलाला. त्या दुपारी गल्लीत चार उंबऱ्यांवर चार माणसं मान खाली घालून बसली होती आणि मधूनच ओरडत होती, "आला का वं?" "आला! धाडला!" "हा कोन हाय, मिशीवाला?" "थो नाही, थो माहा जावई हाय, चुकून गेला!"

फोटो हलके झाले खरे. इतके हलके की इंदूबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज टाकीखाली घुमत होता.

"उघडला, बाई, उघडला! पुरा उघडला! काय पोरगी हाय! अंडं सोलल्यावानी चेहरा! अश्वजितलेही दाखवला. थो काही बोलला नाही, पन जेवताना पुन्हा मागून पाह्यला. आमी रविवारी येऊन राह्यलो."

शीलानं मशीनवरचं अर्धं ब्लाऊज तसंच टाकलं आणि चपलेत पाय घालत, न घालत भाऊजींच्या घरी धावली. दीपा नुकतीच ड्युटीवरून आली होती, पाय धूत होती. शीलानं एका दमात सगळं सांगितलं. उकंडाभाऊ उठून पंखा पुसायला लागले. दीपानं ओल्या हातानं मावशीचा फोन घेतला, फोटो पाहिला, बोटांनी मोठा केला. अजून मोठा केला. मग शांतपणे विचारलं,

"मावशी, माहा डाग कुठं गेला?"

शीलानं वाकून पाहिलं. गाल होता, कान होता, कानातलं होतं. पण चार फोनांतून फिरता फिरता सगळं एकमेकांत कालवलं गेलं होतं. डोळ्यांच्या कडा साय धरल्यासारख्या, ओठ मेण वितळल्यासारखे, आणि डाव्या गालावर नुसता सपाट, गुळगुळीत, पुसून काढलेला रंग. डाग नव्हताच.

भाऊंचा हात पंख्यावरच थांबला.

"मी पुसला नाही वं," शीला म्हणाली. "आपोआप गेला."

"मले माहीत हाय तू नाही पुसला." दीपा खाली बसली. "पन थे आता अंडं सोललेली पोरगी पाह्याले येतील. आन् मी ताट घेऊन बाहेर येईन."

"मी आत्ता फोन करून सांगतो त्याहिले."

"सांगू नको." दीपानं मान हलवली. "दवाखान्यात रोज पाहतो मी. भाजलेली म्हनलं का लोकायच्या डोयासमोर पुरा चेहरा जळलेला येते. सांगितलेलं मोठं होते, मावशी. पाह्यलेलं जेवढं हाय तेवढंच राह्यते. थ्यायनं माहा खरा फोटो पाह्यला पाह्यजे, येयच्या आंधी. नाही तं रविवारी पोहे करू नको."

शीला घरी परतली. शपथ घेतलेला गळा तिचा तिलाच टोचत होता. तिनं ब्लाऊज बाजूला सारलं, लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि इंद्रजितला फोन लावला. सगळं ऐकून तो इतका हसला की मागे त्याचा साहेब काही तरी बोलल्याचं ऐकू आलं.

"काकू, मूळ फोटो हाय का तुह्यापाशी? पहिला? पाच एमबीचा?"

"हाय नं. फेकीन कायले?"

"मंग थोच घे. फिरवलेल्याले हात लावू नको. जे एकदा गेलं थे वापस येत नाही."

हे शीलाला लगेच समजलं. एकदा दाबलेलं ब्लाऊज उसवायचं, पुन्हा दाबायचं, पुन्हा उसवायचं, असं चार वेळा केलं की कापडाचा जीव जातो. मग कितीही इस्त्री करा. नवं शिवायचं तर अखंड कापडातूनच कापायला पाहिजे. आणि कापायच्या आधी माप!

माप म्हटल्यावर तिच्या अंगात बळ आलं. तिनं गळ्यातला टेप काढून सरळ लॅपटॉपच्या काचेवर लावला. साइटवर ज्या चौकटीत फोटो बसतो ती चौकट जेमतेम चार बोटं रुंद. इंद्रजितनं सांगितलं, ती चौकट चारशे ठिपक्यांची आहे आणि फोटो आहे तीन हजार ठिपके रुंद. "म्हंजे मी चार बोटाच्या बाहीले मंडपाचं कापड देऊन राह्यली होती का?" शीला ओरडली. "आन् थ्या बिचाऱ्या टाकीखाली उभ्या राहून मंडप ओढून राह्यल्या?"

"बरोब्बर. आठशे ठिपके ठेव. फोनची काच बारीक विणीची असते, डबल ठेवलेलं बरं. लोकं मोठा करूनही पाह्यतेत."

"म्हंजे आत मार्जिन सोडायचं."

"हो, मार्जिन. आन् रुंदी-उंचीच्या मंधात कुलूप हाय पाह्य, बारकं. थे लावलं का एक कमी केलं तं दुसरं आपोआप थ्याच हिशेबानं कमी होते."

शीलानं कुलूप लावलं. आता पैलवानाच्या मांड्या पुन्हा बासरी व्हायची भीती नव्हती.

पण त्या आधी पंखा. फोटोचा वरचा अर्धा भाग चेहऱ्याच्या कामाचा नव्हता. तो कापला की चौकटीत दीपा मोठी दिसणार होती. शीला भाऊजींकडे परवानगी मागायला गेली. भाऊंनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

"पुरा कापते का?"

"पुरा, भाऊजी."

"एक पातं?"

"एक पातं डोक्यावर लटकलेलं कसं दिसंल?"

"बरं," भाऊ म्हणाले, आणि बटण बंद-चालू करत बसले.

आता उरलं ते खरं काम. इंद्रजितनं एक पान दाखवलं होतं. तिथं फोटो टाकला की मधोमध एक उभी रेघ येते; रेघेच्या डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे हलका केलेला. खाली एक दांडी, शून्यापासून शंभरापर्यंत सरकणारी. दांडी खाली आणावी तसं वजन कमी होतं. शीलानं रेघ बरोबर दीपाच्या गालावर आणून ठेवली.

दांडी तिसावर आणली. वजन एकदम घसरलं, आणि डागाच्या जागी चौकटी-चौकटी, खापराच्या तुकड्यांची फरशी बसवावी तशा. साठावर नेली. डाग आला, पण धुवून विटल्यासारखा. त्याची कड कळेना. आधी कपाळ बघितलं तर वाटलं झालं की काम! कपाळ तर चाळिसालाच छान दिसत होतं. केस, कॉलर, मागची भिंत, सगळं छान. मळून जायचं ते फक्त गालावरचंच. फिक्या कातडीवरचा फिका डाग, तिथंच सगळ्यात आधी मार बसत होता. शीलाला काजं-बटणांची आठवण झाली. ब्लाऊज चांगलं की वाईट हे पाठीवरून कोणी बघू नये, काजाची कड बघावी.

तिनं नाक पडद्याला टेकवलं. सत्तर. पंचाहत्तर. दांडी एकेक घर सरकवत ती रेघ डावी-उजवीकडे ओढत राहिली, रेघेच्या इकडचा गाल मूळ, तिकडचा हलका, मूळ, हलका, मूळ, हलका. अठ्ठ्याहत्तरला एकदम असं झालं की रेघ कुठं आहे तेच कळेना. डागाची वळलेली कड, आतली चकाकी, कानापाशी गेलेली बारीक शेपटी, सगळं इकडंही आणि तिकडंही. वजनाकडे पाहिलं तर ऐंशी-नव्वद केबी. पाच एमबीचे ऐंशी-नव्वद केबी! धम्मरत्न ड्युटीवरून आला तेव्हा बायको खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होती आणि ओरडत होती, "पुरी एसटी होती, सायकलवर बसवली! आन् एकही पॅसेंजर उतरवला नाही!"

"तिकिटं काढली का सगळ्यायची?" त्यानं विचारलं.

शेवटी तिनं दांडीखालच्या एका बारक्या चौकोनात खूण केली. इंद्रजित म्हणाला होता की त्या चौकोनात टिचकी मारली तर फोटो वरून खाली येत नाही. आधी सगळाच्या सगळा धूसर येतो आणि मग स्वच्छ होत जातो. म्हणजे आता जगात कोणालाही पंख्यावर ताटकळत बसायला नको.

तिनं फोटो चढवला आणि इंदूबाईंना फोन लावला.

"इंदूबाई, दीपाचा फोटो बदलला. जरा पाहा नं."

"टाकीखालीच हाय मी. थांबा… थेच दिसते, बाई. अंडंच हाय."

शीलानं पुन्हा इंद्रजितला फोन लावला. तो म्हणाला, इंदूबाईंच्या फोननं जुना फोटो जपून ठेवलाय, नाव तेच म्हणून नवा आणतच नाही, नाव बदल. शीलानं फोटोचं नाव बदललं. काय द्यावं ते सुचेना, घाईत 'दीपा खरी' असं टाकलं.

"आता पाहा."

"पाहतो… आली. पुरीच आली, धूसर हाय… साफ होऊन राह्यली… आता डोये साफ झाले…" आणि मग इंदूबाई थांबल्या. पलीकडे टाकीतून पाणी ठिबकत असल्याचा आवाज येत होता.

"हे गालावर काय हाय?"

"भाजलेलं हाय, इंदूबाई. रांगत होती तवाचं. पहिल्या फोटोत पुसल्या गेलतं, थे माही चूक होती. पोरीनं सांगितलं, खरा दाखवल्याशिवाय कोनाले बलावू नको."

"पोरीनं सांगितलं?"

"तिनंच."

"पंखा कुठं गेला?" इंदूबाईंनी विचारलं, आणि एक दांडी होती ती गेली, फोन कटला.

शीलानं परत लावला, लागला नाही. संध्याकाळी लावला, लागला नाही. पंख्याबद्दल विचारणारी बाई येणार की नाही, याचा अंदाज कोणाला यावा? दीपानं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "पाह्यलं नं त्यायनं? बस. माहं काम झालं." पण शनिवारी एसटीतून उतरताना तिच्या पिशवीत पोह्याचा पुडा होता. शीलानं तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं.

रविवारी ऊन चढलं तरी कोणी आलं नाही. पोहे भिजवायचे की नाही यावरून उकंडाभाऊंच्या स्वयंपाकघरात शीला आणि दीपा कुजबुजत भांडत होत्या. "भिजवले आन् नाही आले तं?" "नाही भिजवले आन् आले तं?" तेवढ्यात दारात ऑटो थांबला. पुढे एक उंच, सावळा मुलगा उतरला, इस्त्रीचा शर्ट आणि पायांत नवे, चावणारे बूट. त्याच्या मागून लुगड्याचा पदर सावरत इंदूबाई. जयभीम झाला, पाणी झालं. दीपानं आत घाईघाईनं पोहे भिजवले.

इंदूबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर मागे सारला, आणि मान वर केली.

"हाच का थो!" त्या म्हणाल्या. "पाह्य रे अश्वजित, सोनेरी पट्टीवाला. म्या हप्ताभर यालेच पाह्यला. मी थ्या दिवशी विचारत होती, कापला काहून म्हनून, तं फोनच कटला."

उकंडाभाऊंना काय करू आणि काय नको असं झालं. "म्याच भरला थो! पुरी तांब्याची तार हाय!" म्हणत ते बटणाकडे धावले आणि पंखा एकदम शेवटच्या नंबरवर सोडला. कॅलेंडर फडफडलं, सदाशिवरावांनी पाठवलेली शेवटची पुस्तिका टेबलावरून उडाली, इंदूबाईंचा पदर पुन्हा डोक्यावर आला. नेमकी त्याच वेळी दीपा ताट घेऊन बाहेर आली, आणि पोह्यांवरची कोथिंबीर उडून अश्वजितच्या इस्त्रीच्या शर्टावर जाऊन बसली.

"भाऊजी, कमी करा!" शीला ओरडली.

दीपा उभी होती. इंदूबाई जवळ गेल्या. त्यांनी नजर चोरली नाही, चष्मा वर केला आणि ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं सरळ गालाकडे पाहिलं.

"फोटोत होता तेवढाच हाय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, फोटोत लहान करून टाकला असंन. आजकाल करतेत नं."

"करतेत," दीपा म्हणाली. "मावशीनं नाही केला."

अश्वजित शर्टावरची कोथिंबीर एकेक करून वेचत होता. वर न बघता म्हणाला, "मी लय मोठा करून पाह्यला फोटो. फाटला नाही."

शीलाला वाटलं, उठून याच्या पाठीवर थाप मारावी. तिनं त्याऐवजी मनातल्या मनात त्याचं माप घेतलं. छाती अडतीस. खांदे सरळ.

"कायले एवढा मोठा केला?" दीपानं विचारलं. ताट अजून तिच्या हातातच होतं.

त्यानं आता वर पाहिलं. कान लाल झाले होते. "डोये पाह्याले," तो म्हणाला. मग घाईनं पुढे म्हणाला, "जनावराच्या दवाखान्यात सवय हाय आमाले, आंधी डोये पाह्याची."

मग दीपाच हसली, आणि अशी हसली की ताट तिरपं झालं आणि इंदूबाईंनी ते खालून धरलं. त्यांच्या हातात आलंच होतं म्हणून त्यांनी चमचाभर पोहे तोंडात टाकले. "मीठ बराबर हाय," त्या म्हणाल्या, आणि पंख्याखालच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

दुपारी पाव्हणे गेल्यावर शीला स्वयंपाकघरात गेली. पातेलं उचललं, तिरपं केलं, उजेडाकडे धरून आत पाहिलं. तळाला एक मिरची होती. तीही तिनं खाऊन टाकली.